पदर उजव्या खांद्यावर कसा?

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण मेनरोडच्या मागच्या गल्लीतल्या बंद स्टुडिओचे काका म्हटलं की जुन्या नाशकातली निम्मी माणसं तुम्हाला ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आजोळचा वाडा पाडायला निघाला आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली. घरच्यांचा कल सरळ रद्दीकडे होता. ती तुमच्याकडे घेऊन आले, तेव्हा वाटलं होतं की चार फोटो स्कॅन करून नातेवाइकांना पाठवले की काम संपलं. तुम्ही माझ्या हातात भिंग दिलंत आणि संपायचं ते काम सुरू झालं!

घाटावरच्या बायकांचा तो मोठा फोटो घरातल्या सगळ्यांनी पाहिला होता. आईला जागा ओळखू येईना, एवढंच. तुम्ही मात्र म्हणालात, "या सगळ्यांचा पदर उजव्या खांद्यावर कसा गं? गुजराती म्हणावं तर काष्टा दिसतोय." काचेची निगेटिव्ह उलटी धरून छापलेला फोटो होता तो. फोनमध्ये उलटवून दाखवला तर आई ताडकन म्हणाली, "अगं, हा तर आपला रामकुंड!" इतकी वर्षं घरात डावं-उजवं बदलून नांदत होता.

मागे मोडीत दोन ओळी होत्या. त्याही तुम्हीच लावल्यात : बायकांची नावं आणि माघ, शके 1858. इसवी सन काढायला एरवी 78 मिळवायचे, पण माघ इंग्रजी नवं वर्ष लागल्यावर येतो म्हणून 79, म्हणजे 1937. शाळेत हे असं कोणी शिकवलं असतं तर इतिहासात बरे मार्क पडले असते.

पुराच्या फोटोचं तर विचारूच नका. आपल्याकडे गोदेच्या पुराचा कुठलाही काळा-पांढरा फोटो दिसला की "1969चा महापूर" असं लिहून पुढे ढकलायची रीतच आहे. ट्रंकेतल्या फोटोलाही मामानं तेच साल देऊन टाकलं होतं. पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे ज्यावरून नाशिककर गोदेचा पूर मोजतात त्या घाटावरच्या मूर्तीच्या, कुठपर्यंत आलंय हे तुम्ही आधी पाहिलंत (खरा नाशिककर!) आणि मग कोपऱ्यातल्या अर्ध्या बुडालेल्या स्कूटरवरचं नाव वाचलंत. "चेतक बाजारात आली 1972 साली. 69च्या पुरात कशी बुडेल?" मामा गप्प. त्या फोटोखाली आता "1972 किंवा त्यानंतरचा पूर" एवढंच लिहिलंय. उगाच ठोकून दिलेल्या सालापेक्षा ते बरं.

ट्रंकेतली लक्ष्मी हातानं रंगवलेली आहे, असंही मामा शपथेवर सांगत होता. भिंगाखाली अंगभर ठिपक्यांची रांगोळी निघाली, म्हणजे चित्र छापील. जुन्या शिळाछापात असे ओळीनं ठिपके नसतात, दगडाचा वेडावाकडा कण दिसतो, हे तुम्ही शेजारी दुसरं चित्र ठेवून दाखवलंत. फाळक्यांनी सिनेमाआधी फोटोग्राफी आणि शिळाछापाचंच काम केलं होतं आणि 1913 साली ते बस्तान हलवून नाशकातच आले, हेही त्याच ओघात. तुमचा चहा मात्र गार झाला होता.

पण सगळ्यात मोठे आभार आजीच्या लग्नाच्या फोटोबद्दल. तो फ्रेमच्या काचेला चिकटला होता आणि मी नख घालायच्या बेतात होते. तुम्ही माझा हातच धरलात. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला होऊन काचेला धरतो. ओढला की चेहरे काचेवर राहतात आणि हातात नुसता कागद येतो. मग काचेसकटच फोटो काढला : उजेड खिडकीतून एका बाजूनं, माझ्या मागे काळी चादर, काचेत माझंच प्रतिबिंब पडू नये म्हणून. आजीच्या मुंडावळ्यांचे मोती मोजता येतात त्यात.

दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, मागे पेन लावायचं नाही, लिहिलंच तर मऊ पेन्सिलनं, लॅमिनेशनचं नावही काढायचं नाही, हे सगळं आता मी दुसऱ्यांना ऐकवते. घाटाचा फोटो कोणीतरी कापून, कोपऱ्यात आपला शिक्का मारून फिरवला तेव्हा मी चिडले होते. तुम्ही हसलात : "फिरवू दे. त्याच्याकडे मागची बाजू नाही ना!" आणि झालंही तसंच. मागच्या बाजूची नावं वाचून सिन्नरहून एका ताईंचा फोन आला. डावीकडून दुसरी मुलगी त्यांची आजी. तिचा लहानपणीचा एकही फोटो त्यांच्या घरात नव्हता. मोठी प्रिंट काढून पाठवली आहे. पैसे घेतले नाहीत. तुम्हीही कुठे घेतलेत?

आता एक तक्रार. लोकांच्या ट्रंका उघडून बसता, पण तुमच्या स्टुडिओच्या निगेटिव्ह लोखंडी कपाटात तशाच पडून आहेत. "कोणाला हवंय ते?" म्हणून टाळू नका. गणपती झाले की मी कागदी पाकिटं घेऊन येते. तुम्ही फक्त खुर्चीत बसून नावं सांगायची, लिहायचं काम माझं. काकूंना आधीच विचारून ठेवलंय, त्या हो म्हणाल्या आहेत.

तुमची,
ट्रंकवाली