तिथी विचारणाऱ्या सरबतवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

हरिहरेश्वरला कालभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेला निघालेल्या माणसाला तुम्ही कोकम सरबताच्या आधी तिथी विचारता. त्या एका प्रश्नाबद्दल नाशिकच्या आम्हा डोंगरभटक्यांकडून मनापासून आभार.

आमच्याकडे हरिहर, अंजनेरी, साल्हेर. चढ, खोबण्या, पाणी आणि उजेड यांचा अंदाज घेतला की निघायचं. तुमच्या टेकडीच्या पायऱ्या उतरल्यावर मात्र कातळावरची वाट भरतीच्या मर्जीवर असते, आणि घाटावरच्या माणसाला ते सुचतच नाही.

म्हणून तुमचा हिशोब इकडच्यांसाठी इथे मांडतो. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, बाराला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नवाला. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. थोडं मागेपुढे होतं, तेव्हा भरती-ओहोटीच्या छापील वेळांशी ताडून घ्यावं. (पंचांग नाशकात घरोघरी आहे, पण मुहूर्तापलीकडे ते उघडतो कोण?)

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं. फसगत होते ती पाणी फिरल्यावर. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाइतकं चढतं, त्यामुळे लोक निवांत फोटो काढत बसतात. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते आणि परतीची वाट तेव्हाच तुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे सगळं आणखी जोरात.

लाटेचं वेगळंच. ओहोटीतही एखादी मोठी लाट वर येते. खाली पाय ठेवण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहावं. कातळ जिथवर ओला, तिथवर लाट पोचते. त्या रेघेच्या वरूनच चालायचं, समुद्राकडे पाठ करायची नाही. हिरवं शेवाळ टाळायचं. कालवं चिकटलेल्या खडकावर बूट टिकतो, पण तिथे हात टेकला तर तळवा फाटतो. पावसाळ्यात उतरायचंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्यातली काही मंडळी येतील. वेळ टळून आली तर आमची ओळख मध्ये न आणता देवळापासूनच परत पाठवा.

आपली,
नाशिकची डोंगरभटकी मंडळी