बाबूला राजीनामा द्यायला सांगू नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबूची कोळशाची खाण बंद होणार म्हणून ‘सोड ती खाण, आता गणपतीला ये तो कायमचाच’ असं बाबूला फोनवर सांगू नका. गणपतीला येऊ दे, पण रजा टाकून. राजीनामा दिला की खाण बंद झाल्याची भरपाई बुडते, ग्रॅच्युइटी तेवढी राहते. मुकादम कोऱ्या किंवा ‘स्वखुशीने’ लिहिलेल्या कागदावर सही मागेल, तीही करायची नाही.

खाण एका दिवसात कशी बंद होईल, हे बाबांचं म्हणणं बरोबर आहे. चंद्रपूरकडच्या उघड्या खाणीत कोळशावरची माती-दगड आधी काढतात, तिला ओबी म्हणतात. खालचा कोळसा संपत आला की ओबी थांबते आणि बाबूसारखे डंपरवाले पहिले मोकळे होतात. कोळसा त्यानंतरही निघत राहतो, पाणी उपसणारे पंप तर त्याच्याही पुढे चालतात. कंपनीच्या कायम कामगारांना दुसऱ्या खाणीत बदली मिळते, ठेक्यावरच्यांना नाही.

आता हिशेब. एकाच ठेकेदाराकडे 6 वर्षं 8 महिने झाले; सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे 7. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,800. त्याला 26 ने भागून 15 ने गुणलं की वर्षाचे 12,000, म्हणजे ग्रॅच्युइटी 84,000. बंदीची भरपाई वेगळी, तीही दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची. नोटिशीचा पगार आणि शिल्लक रजा त्यावर.

ही वर्षं सलग नोकरीची असावी लागतात आणि खोट काढतात ती याच ‘सलग’ शब्दात. कागदावर मध्येच खंड दाखवायचा, ही ठेकेदारांची जुनी खोड. वर्षात 240 दिवस भरले (जमिनीखालच्या कामाला 190) की वर्ष सलग धरतात, म्हणून प्रत्येक पगारचिठ्ठी आणि हजेरीचा फोटो हवाच. पीएफ कोणत्या खात्यात जातो तेही चिठ्ठीवरच कळेल. कोळसा कामगारांचा निधी वेगळा, सीएमपीएफ. नेहमीच्या ईपीएफच्या ॲपवर तो दिसत नाही. पण काही ठेकेदार ईपीएफमध्येच भरतात. काही तर कापतात आणि भरतच नाहीत, म्हणून नुसत्या चिठ्ठीवर भरवसा नको, खात्याचा उतारा मागायचा.

बाबा, ओरोसच्या कामगार कार्यालयात हेलपाटे घालू नका. खाणी केंद्राच्या अखत्यारीत येतात, तक्रार तिकडच्याच केंद्रीय श्रम आयुक्त कार्यालयात द्यावी लागते.

बाबूचं नेमणूकपत्र आईच्या ट्रंकेत, घरपट्टीच्या पावत्यांसोबत आहे. त्यावरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी ताडून बघा आणि फोटो मला पाठवा. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, अगदी मुकादम गाववाला असला तरी.

तुमची,
माई