आधी काम ठरवा, मग धडे

महोदय,

जूनमध्ये शाळा उघडली की वार्षिक नियोजनाचा तक्ता भरला जातो. पहिल्या रकान्यात धडा, मग तासिका आणि सगळ्यात शेवटी अध्ययन निष्पत्तीचा, म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवे त्याचा, क्रमांक. हा क्रम उलटा हवा. वर्षअखेर मुलाने कोणते काम स्वतः करून दाखवायचे ते आधी लिहावे, ते तपासायचे कसे हे ठरवावे आणि मगच धड्यांना हात घालावा.

आठवीचे गणित घ्या. यावल-रावेरच्या मुलांना केळीची बाग परकी नाही. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. 6 बाय 5 फुटांवर रोपे किती लागतील? झाडाला रोज 16 लिटर द्यायचे, तर बागेला पाणी किती? प्रत्येक झाडाशी ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर असतील, तर ठिबक किती वेळ चालवायचे? उत्तरे : 1,452 रोपे, 23,232 लिटर, 2 तास. क्षेत्रफळ, एकके, प्रमाण यांपैकी काय, कधी आणि किती शिकवायचे, ते या कामातूनच निघते.

गुणदानही तेव्हाच लिहावे. 20 पैकी मांडणीला 8, आकडेमोडीला 5, एककांना 3 आणि उत्तर पटण्याजोगे का आहे हे सांगण्याला 4. हे आधी ठरले नाही, तर तपासताना नुसते शेवटचे उत्तर पाहिले जाते आणि मूल नेमके कुठे अडले ते कळतच नाही.

बिघडते कुठे? ‘समजेल’, ‘जाणीव होईल’ अशी क्रियापदे लिहिली जातात. ती तपासता येत नाहीत. दुसरे, आकडे बदलून तेच उदाहरण घोटून घेतले जाते. म्हणून परीक्षेत शेताच्या मधोमध विहीर आणि कडेने गाडरस्ता द्यावा. तेवढे क्षेत्र वजा करायचे मुलाला स्वतःला सुचले पाहिजे. तिसरी अडचण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारे मूल प्रश्न वाचतानाच अडते आणि शिक्का मात्र ‘गणित कच्चे’ असा बसतो. तोच प्रश्न तोंडी विचारून पाहावा. जमला, तर मदत वाचनाला हवी.

अशी मोठी कामे वर्षाला पाच-सहा पुरेत. साठ मुलांच्या वर्गात त्याहून जास्त नीट तपासून होत नाहीत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दोन शिक्षकांनी एकच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासावी. दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला, तर निकष पुन्हा लिहावेत.

– दोन गणित शिक्षक, यावल तालुका, जि. जळगाव