त्या पलंगावर तुम्ही स्वतः आडवे झालात

काका, नमस्कार.

परवा रात्री मी फोन केला आणि ‘पोचलो की कळवतो’ एवढंच बोलून ठेवून दिला. तुम्ही पारखून दिलेली गाडी बिघडली की काय, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं काही नव्हतं. घसा दाटून आला होता. तेव्हा बोलता आलं नाही ते आज सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्यासारखी माणसं आपल्या ठाण्यात आहेत हे लोकांना कळायला हवं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून दीड वर्ष आई घराबाहेर पडली नव्हती. एकदा गावी न्या, एवढंच तिचं मागणं. पण राजापूरपर्यंत कारमध्ये बसणं तिला शक्य नाही, आणि वाटेतल्या हॉटेलांच्या संडासात तिला न्यायचं म्हणजे आमचाच जीव टांगणीला. म्हणून कॅराव्हॅन घ्यायची ठरवली. मोठीच हवी होती. आत आडवं होता यावं, वॉकर घेऊन चार पावलं टाकता यावीत, संडास असावा. नवी बांधून घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुनी शोधत होतो.

तीन महिने शोधत होतो आणि त्या तीन महिन्यांत आईची चौकशी एकानेही केली नाही. घोडबंदर रोडच्या त्या व्यापाऱ्याने एसी दाखवला, टीव्ही दाखवला, रंगीत दिवे लावून दाखवले. गाडी तपासायला पैसे देऊन बोलावलेला माणूस टॅबवर फोटो काढून गेला आणि सगळीकडे हिरव्या खुणा असलेला अहवाल पाठवून मोकळा झाला. तो गाडीत पाच मिनिटंसुद्धा थांबला नव्हता. त्या अहवालावर विसंबून मी बयाणा द्यायला निघालो होतो. आजही त्या माणसाचा राग येतो. त्याचं कामच ते होतं आणि ते त्याने केलं नाही.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी तुमचा नंबर दिला. ‘एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बॉड्या बांधण्यात यांचा जन्म गेलाय,’ एवढीच ओळख. तुम्ही आलात, आणि इंजिनाकडे न बघता आधी भिंतींवर बोटांच्या पेरांनी टकटक करत फिरलात. खिडकीच्या वर आवाज बदलला तिथे थांबलात. माझा अंगठा धरून भिंतीवर चिकटवलेल्या नव्या कोऱ्या कागदावर दाबलात, तर तो आतल्या प्लायमध्ये रुतला. ‘टपाला एसीसाठी भोक पाडलंय, तिथून दोन-तीन पावसाळे पाणी झिरपलंय. वरून कागद लावला की दिसत नाही.’ मग टॉर्च घेऊन टायरच्या कडेला कोरलेले चार आकडे वाचायला लावलेत, १८१६. म्हणजे २०१६ सालच्या अठराव्या आठवड्यातलं टायर. नक्षी झकास होती, गाडी फिरलीच नव्हती. ‘उभ्या गाडीचं टायर झिजत नाही, पण रबर म्हातारं होतंच.’ आरसी बुकात ती अजून सतरा आसनी बसच होती, आतला बदल आरटीओत नोंदवलेलाच नव्हता. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, हेही तुम्हीच सांगितलंत.

एवढ्यावरच तुम्ही नको म्हणाला असतात तरी पुरे होतं. पण तुम्ही विचारलंत, ‘आई कुठे झोपणार?’

मी मागचा पलंग दाखवला. व्यापाऱ्याचा मुलगा गायमुखपर्यंत चक्कर मारायला तयार होता. तो म्हणाला, ‘काका, पुढे बसा, मागे हादरे बसतात.’ तुम्ही म्हणालात, ‘म्हणूनच मागे जातो.’ चपला काढून कडेला ठेवल्यात, चष्मा खिशात घातलात आणि सत्तरी ओलांडलेले तुम्ही, ज्या बाईला कधी पाहिलंही नव्हतं तिच्या जागी, हात छातीवर घेऊन उताणे झोपलात. घोडबंदर रोडचे खड्डे मी काय सांगू! प्रत्येक खड्ड्याला तुमचं अंग गादीवरून उचललं जाताना मी पुढच्या सीटवरून मान वळवून बघत होतो. परत आल्यावर कमरेला हात लावून हळूहळू उतरलात आणि म्हणालात, ‘एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलाय ना कधी? हा पलंग तिथेच आहे, मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्याही मागे. आईंचं हाड नुकतं जुळलंय. ही गाडी नको.’

काका, त्या गाडीचे माझ्याकडे ऐंशी फोटो होते. त्या पलंगावर झोपून बघावं हे मलासुद्धा सुचलं नव्हतं, आणि मी तिचा मुलगा आहे.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हुशार माणसं मला पुष्कळ भेटली, पण आपलं अंग खाली टाकून दुसऱ्याचं दुखणं अजमावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आईच्या वॉर्डात एक मावशी होत्या, बेडपॅन देण्याआधी तो गरम पाण्याने कोमट करून आणायच्या. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. तुम्ही मला त्यांच्याच जातकुळीतले वाटलात.

ठरलेले पाचशे रुपये घेतलेत. पुढे कळंबोलीत दुसरी गाडी बघायला आलात तेव्हा मात्र पैसे परत केलेत, ‘आधीचं काम अजून पुरं झालं नव्हतं’ म्हणून. ही गाडीही तेवढीच मोठी, पण पलंग दोन्ही ॲक्सलच्या मधोमध. मी हरखून गेलो होतो, तरी तुम्ही घाई करू दिली नाहीत. टाकी काठोकाठ भरायला लावून काट्यावर नेलीत. ‘दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. मोठी गाडी घेतली की माणूस जागा मोजतो, वजन मोजत नाही.’ आधी अख्खी गाडी तोलली, मग नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा तोलली. आरसीवरच्या मर्यादेपेक्षा वजन कमी भरलं, तेव्हा कुठे तुम्ही मान डोलावलीत. गॅसच्या कपाटाला तळाशी गॅस बाहेर पडायला जाळी नव्हती. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, हे मला ठाऊक नव्हतं. ती जाळी तिथल्याच एका गॅरेजमध्ये तुम्ही उभं राहून बसवून घेतलीत.

आता त्या फोनबद्दल. पनवेल सोडल्यावर आई खिडकीतून बघत बसली होती. नागोठण्याला म्हणाली, जरा पाठ टेकते. वडखळ ते नागोठणे रस्त्याचा त्रास झाला असेल, या भीतीने मी गाडी अगदी हळू चालवत होतो. माणगाव गेलं, मागून आवाज नाही. महाडला पेट्रोल पंपावर थांबलो आणि धडधडत्या छातीने मागे गेलो. आई हात छातीवर घेऊन गाढ झोपली होती, अगदी तुम्ही झोपला होतात तशी. दीड वर्षात गोळीशिवाय तिला अशी झोप लागलेली मी पाहिली नव्हती. तिथेच पायरीवर बसून तुम्हाला फोन लावला होता.

आता आम्ही गावीच आहोत. आई पडवीत बसते. तुमच्यासाठी तिने कोकमं वाळत घातली आहेत. परतल्यावर तिला घेऊनच तुमच्याकडे येतो.

तुमचा ऋणी,
कासारवडवलीचा गाडीवाला