पुट्टी थांबव

बार्शी, १८ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

दसऱ्यापासून तुझ्या दोन फोनांना उत्तर नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. माझी शुगर आहे तिथंच आहे. धाकट्यानं घराला रंगारी ठरवलाय, सोमवारपासून बाहेरून पुट्टी ओढणार. त्याला आधी थांबव. एक तर साधी पुट्टी पावसाळी भिंतीचं कामच नव्हे, आणि तिथं तीन जातींच्या भेगा आहेत.

भिंतीवर पाणी मारून सुकू दिलं. पृष्ठभाग वाळला तरी भेगा ओल्या राहतात, काळ्या रेघा आपोआप दिसतात. पूर्वेला कासवाच्या पाठीसारखी जाळी उमटली, ती निव्वळ गिलाव्याची. ‘सिमेंट जास्त तेवढी भिंत टणक’ म्हणून तू एकास तीन माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) लावायला सांगितलास. मी एकास पाच म्हणत होतो. जादा सिमेंट जादा आकसतं, त्यात पाणी तू चौथ्या दिवशी बंद केलंस. असो, वीस वर्षं झाली, मी विसरलोय. हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकायचं: टणटण वाजलं तर हात लावू नको, बदबद वाजलं तर तेवढा तुकडा चौकोनी कापून नवा माल. बाकी जाळीवर बाहेरचा लवचिक रंग पुरतो.

स्लॅबखाली आडवी रेघ आहे. बीम काँक्रीटचा, भिंत विटेची. उन्हात दोघं सारखे फुगत नाहीत. सांध्याच्या वर-खाली १५०-१५० मिलिमीटर गिलावा काढून कोंबडी जाळी ताणून ठोकायची, वर एकास चार माल, सात दिवस पाणी. सात. चार नव्हे.

झोप उडवली ती नैऋत्य कोपऱ्यानं. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून जोत्याकडे तिरपी, पायऱ्यापायऱ्यांची भेग. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. वर दोन कार्डं सरकतात, खाली एकही नाही. वर रुंद म्हणजे कोपरा खचून बाहेर कलतोय, असा पहिला संशय. आत मसाल्याच्या फळीमागे तीच रेघ. छिन्नीनं वीतभर गिलावा उडवला तर खाली वीटही तडकलेली. हे रंगाऱ्याचं काम नव्हे रे.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात जमिनीवर सुटतो, आणि चार पावलांवर कडुलिंब. जमिनीत अजून ओल आहे, तरी भेग एवढी; मे महिन्यात किती होईल? पुट्टी भरली तर तेव्हा मोजायला काही उरणार नाही, म्हणून हे पत्र.

विटेवर, रंगावर नाही, भेगेच्या आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना अ‍ॅराल्डाइटनं चिकटवायची. काच तडकली तर भेग जिवंत, म्हणजे अजून हलतेय. भेगेच्या टोकांना पेन्सिलीनं तारीख. दोन बाजूंना दोन स्क्रू बसवून त्यांच्यातलं अंतर दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळीच मोजायचं. दुपारच्या उन्हानं आकडा बदलतो. वर्षभर पक्कं भरायचं नाही, फक्त पाणी आत जाऊ नये म्हणून लवचिक सीलंट. पाइप गटारापर्यंत न्यायचा, जोत्याभोवती मीटरभर फरशी बाहेरच्या उताराची. कडुलिंब मात्र एकदम तोडायचा नाही: मुळांनी पाणी ओढायचं थांबवलं की माती उलट फुगते. भेग ५ मिलिमीटरपुढे गेली किंवा मागचं दार अडकायला लागलं तर वर्षाची वाट बघायची नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठायचा. मी मोजीन, तू पैसे पाठव, वाटणी जुनीच.

चिनूची बारावी, तुझी बदली, वहिनींची पाठ, सगळं फोनवर बोलू. पण आधी धाकट्याला फोन कर. माझं तो ऐकत नाही, जन्मल्यापासून.

तुझा,
सुऱ्या