सूचना : सोसायटीची कागदपत्रे क्लाउडवर ठेवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार,

आपल्या नेरूळच्या सोसायटीचे रेकॉर्ड (नॉमिनेशन फॉर्म, भाडेकरार, आधारच्या प्रती) स्कॅन करून क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठवणीत) ठेवायचे आहे. सेवा कोणती घ्यायची हे ठरवण्यासाठी रविवारी सकाळी ११ वाजता सोसायटी ऑफिसमध्ये बैठक आहे. घरटी एकाने तरी यावेच.

गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळते, पण तेवढ्यावर निर्णय नको. तिथे फाइल एन्क्रिप्ट (म्हणजे कुलूपबंद) होते खरी, पण साध्या खात्यात तिची किल्ली कंपनीकडेच असते. प्रोटॉन ड्राइव्ह या दुसऱ्या क्लाउड सेवेत फाइल आपल्याच मोबाइलवर कुलूपबंद होऊन पुढे जाते, कंपनीलाही उघडता येत नाही. मात्र पासवर्ड आणि रिकव्हरीचे मार्ग दोन्ही हरवले, तर फाइली कायमच्या गेल्या. माझे मत तरीही दुसऱ्या पर्यायाला आहे. कागद आपल्या सगळ्यांच्या घरचे आहेत.

तोपर्यंत कृपया :

• आधारची मास्क्ड प्रतच द्या. तिच्यावर शेवटचे ४ अंकच दिसतात.

• भाडेकरार ग्रुपवर टाकू नका. 'लिंक असलेला कोणीही' या सेटिंगची लिंक तर अजिबात नको; ती फॉरवर्ड झाली की कोणीही फाइल उघडू शकतो.

• जुन्या लिंक आजच बंद करा.

– सचिव