वृद्धाश्रमाची तपासणी सांगून कशाला?

संपादक साहेब,
माझी मावशी नागपुरातल्या एका वृद्धाश्रमात राहते, तिथं तपासणीवाले येणार म्हटलं की आदल्या दिवशी नव्या चादरी निघतात, फिनाइलचा वास सुटतो, अन् साहेब गेले की चादरी परत कपाटात. मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरायला माणूस नसतो ते कोण बघणार? आई-वडील अन् ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय करायची तरतूद आहे, छानच, पण जे आश्रम चालू आहेत तिथं रात्री कोण असतं, बीपीच्या गोळ्या वेळेवर मिळतात का, झोपून असलेल्यांच्या पाठीला जखमा झाल्यात का, हे रजिस्टर बघून नाही कळत राजेहो. न सांगता या, अन् मॅनेजरला बाहेर बसवून म्हाताऱ्यांशी बोला.

– एक वाचक, नागपूर